जेफरसनच्या कपाटातलं कुराण आणि मळ्यावरचा मुसलमान

आपल्या व्हॉट्सॲप गटांमध्ये एक संदेश वर्षातून दोन-तीनदा तरी फिरून येतो. अमेरिकेचे तिसरे राष्ट्राध्यक्ष थॉमस जेफरसन यांच्याकडे कुराण होतं. अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहात निवडून गेलेले पहिले मुस्लिम सदस्य कीथ एलिसन २००७ साली शपथेच्या समारंभात त्याच कुराणावर हात ठेवून उभे राहिले. म्हणजे बघा, अमेरिकेच्या पायाभरणीत आपणही होतो! खाली ‘माशाअल्लाह’ आणि ‘जास्तीत जास्त शेअर करा’.

मी पदवीच्या वर्गाला इतिहास शिकवते. अमेरिकेचा भाग सुरू झाला की पहिल्या आठवड्यातच मागच्या बाकावरून प्रश्न येतो, “मॅडम, जेफरसनकडे कुराण होतं ना?” होतं. १७६५ साली, कायद्याचा अभ्यास करत असताना, त्यांनी ते व्हर्जिनियातल्या विल्यम्सबर्ग इथे विकत घेतलं. जॉर्ज सेल यांनी केलेलं ते इंग्रजी भाषांतर १७३४ साली पहिल्यांदा लंडनमध्ये प्रसिद्ध झालं होतं. पण पुढचं कोणी विचारत नाही. सेल यांनी वाचकांना उद्देशून काय लिहिलं होतं? तर इस्लामचं खंडन यशस्वीपणे करण्याची ताकद फक्त प्रॉटेस्टंटांमध्ये आहे, अशा अर्थाचं. आणि ते पुस्तक विकत घेणाऱ्या जेफरसन यांनी आयुष्यभरात सहाशेहून अधिक माणसं मालमत्ता म्हणून बाळगली. त्या काळात आफ्रिकेतून साखळदंडांत आणल्या गेलेल्यांमध्ये कुराण तोंडपाठ असलेले लोक होते. कपाटातल्या कुराणाची आपल्याला एवढी माहिती आणि छातीत कुराण असलेल्या त्या माणसांची काहीच नाही, हे कसं?

माझं म्हणणं सरळ आहे. अमेरिकेचा सुरुवातीचा इतिहास, म्हणजे इंग्रजांच्या वसाहतींपासून साधारण १८३० पर्यंतचा, आपल्या मुलामुलींनी कॉलेजात घ्यावा, आवर्जून घ्यावा. पण त्यात आपलं नाव शोधायला घेऊ नये. हक्क कागदावर कसे येतात, कोणाला वगळून येतात आणि वगळलेली माणसं तोच कागद हातात धरून दारात कशी उभी राहतात, हे शिकायला घ्यावा.

परका इतिहास कशाला?

“आपला इतिहास कोणी नीट शिकवत नाही आणि तुम्ही अमेरिकेचं काय सांगता?” हा आक्षेप मी ऐकला आहे, तोही शिकलेल्या माणसांकडून. त्याचं उत्तर देते.

आपल्या देशाच्या इतिहासाच्या तासाला मुस्लिम विद्यार्थी सुखाने बसू शकत नाही. मध्ययुग सुरू झालं की वर्गातले काही डोळे त्याच्याकडे वळतात. मग तो एकतर आरोपीच्या पिंजऱ्यात उभा असतो, नाहीतर वकिलाचा कोट चढवतो. अमुक बादशहाने मंदिराला इनाम दिलं होतं, तमुक राजाच्या फौजेत मुसलमान सरदार होते, अशी साक्षीपुराव्यांची यादी तो पाठ करून येतो. त्यातलं पुष्कळसं खरं असतं, बोलावंही लागतं. पण बचाव करणं वेगळं आणि इतिहास शिकणं वेगळं. ज्याला सतत बचाव करावा लागतो, त्याला कागदाला मोकळेपणाने प्रश्न विचारण्याची सवयच लागत नाही.

व्हर्जिनियाच्या किंवा मॅसॅच्युसेट्सच्या इतिहासात आपल्यावर कोणताही आरोप नाही. तिथे आपण निवांतपणे साधे विद्यार्थी होऊ शकतो. हा कायदा कोणी केला, कोणाच्या फायद्याचा होता, कोण गप्प बसलं, कोण बोललं, हे विचारायला शिकू शकतो. तिथे कमावलेली नजर मग घरच्या इतिहासावरही चालते. एवढी मोठी सोय असताना आपण तिथेही ‘आपण होतो का’ हा एकच प्रश्न घेऊन जातो. मिळालेली मोकळीक स्वतःच्या हाताने घालवतो.

गाइडमधली अमेरिका

कॉलेजात हा विषय कसा शिकवला जातो ते तुम्हाला ठाऊक आहे. स्वातंत्र्ययुद्धाची कारणं लिहा, परिणाम लिहा. १७६५ चा स्टॅम्प कायदा, १७७३ मध्ये बोस्टनच्या बंदरात फेकलेला चहा, १७७६ चा जाहीरनामा, १७८७ चं संविधान, १७९१ ची हक्कांची सनद. शेवटी ‘अमेरिकेने जगाला स्वातंत्र्य आणि समता यांची देणगी दिली’ असं एक वाक्य, आणि उत्तर संपलं. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या इतिहास या वैकल्पिक विषयात अमेरिकन क्रांती, संविधान आणि यादवी युद्ध आहे. त्यामुळे स्पर्धा परीक्षेची मुलंही हेच मुद्दे आणखी आटवून पाठ करतात.

गाइड खोटं बोलत नाही. ते अर्ध्यावर थांबतं. १७८७ च्या संविधानात ‘गुलाम’ हा शब्द कुठेही नाही. पण गुलामगिरी तीन ठिकाणी आहे. प्रतिनिधिगृहातल्या जागा ठरवताना ‘इतर व्यक्तीं’पैकी तीन पंचमांश मोजायच्या. अशा व्यक्तींची आयात १८०८ च्या आधी काँग्रेसने बंद करायची नाही. आणि एका राज्यातून पळून दुसऱ्या राज्यात गेलेला ‘कामाला बांधलेला’ माणूस परत द्यायचा. शब्द टाळून काम साधणं ही कायदे लिहिणाऱ्यांची जुनी कला आहे, आणि ती ओळखायला शिकवणारा याहून चांगला धडा मला माहीत नाही.

त्यातला तीन पंचमांशाचा हिशेब जवळजवळ प्रत्येक जण चुकीचा सांगतो. काळ्या माणसाला पाऊण माणूससुद्धा मानलं नाही, असा त्याचा अर्थ लावला जातो. खरं गणित याहून वाईट होतं. गुलामांना पूर्ण मोजा, अशी मागणी मालकांच्या दक्षिणेकडची होती! त्यांना मतदान करू द्यायचं नव्हतं. त्यांच्या डोक्यांवर मालकांना जास्त जागा हव्या होत्या. म्हणजे मोजणीत येणं आणि आवाज मिळणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तुमची संख्या कोणाच्या खात्यात जमा होते, हा प्रश्न संख्येपेक्षा मोठा आहे. जो समाज आपली टक्केवारी सांगत आयुष्य काढतो, त्याने हे कलम एकदा नीट वाचावं.

तीच गोष्ट धर्मस्वातंत्र्याची. १७९१ च्या पहिल्या घटनादुरुस्तीने फक्त केंद्राच्या काँग्रेसचे हात बांधले, राज्यांचे नाही. मॅसॅच्युसेट्समध्ये चर्चसाठी सक्तीने पैसे घेण्याची व्यवस्था १८३३ पर्यंत टिकली. हक्क जाहीर झाला तो दिवस आणि तो दारापर्यंत पोहोचला तो दिवस, यांत कैक वर्षांचं अंतर असतं. गाइड पहिला दिवस सांगतं. दुसरा दिवस शोधणं हा कॉलेजातला अभ्यास.

निकष बदलतो, दार बंदच राहतं

आता व्हर्जिनियाचे तीन कायदे बघा. तिन्ही जेफरसनच्या जन्माच्या कितीतरी आधीचे आहेत.

१६६२ चा कायदा म्हणतो, मूल स्वतंत्र की गुलाम हे आईवरून ठरेल. इंग्रजांच्या रिवाजात मूल बापाचं. इथे मात्र आईचं केलं, कारण अनेक मुलांचा बाप मालकच होता. १६६७ चा कायदा म्हणतो, बाप्तिस्मा घेतल्याने गुलामाची स्थिती बदलणार नाही. तोवर अनेकांची समजूत होती की ख्रिस्ती माणसाला गुलाम ठेवता येत नाही. गुलाम ख्रिस्ती होऊ लागल्यावर ती वाट बुजवली. १६८२ चा कायदा आणखी पुढे जातो. ज्यांचे आईबाप आणि मायदेश पहिल्या खरेदीच्या वेळी ख्रिस्ती नव्हते, ते बाहेरून आणलेले नोकर गुलाम ठरतील, मग नंतर त्यांनी धर्म बदललेला असो. या कायद्यात तुर्क आणि मूर यांना सवलत होती, पण ते इंग्लंडच्या राजाशी मैत्रीत असतील तोवरच. म्हणजे सवलत मागे सुलतान उभा असल्याची होती. मागे कोणी नसलेला सेनेगलचा मुसलमान त्यात बसत नव्हता.

आधी धर्म पाहिला, मग आईचं रक्त पाहिलं, पुढे रंग पाहिला. १७९० मध्ये नव्या देशाने नागरिकत्वाचा पहिला कायदा केला तेव्हा परदेशातून आलेल्यांपैकी फक्त ‘स्वतंत्र गोऱ्या व्यक्तीं’ना नागरिक होता येईल असं ठरवलं. त्यातला रंगाचा निकष किती दूर पोहोचला बघा. पंजाबातून गेलेले, पहिल्या महायुद्धात अमेरिकेच्या सैन्यात असलेले भगतसिंग थिंद यांना तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने १९२३ मध्ये सांगितलं की सामान्य माणसाच्या समजुतीनुसार तुम्ही गोरे नाही. मग आधी नागरिक झालेल्या काही भारतीयांचंही नागरिकत्व काढून घेतलं गेलं. भारतीयांसाठी ते दार उघडायला १९४६ उजाडलं. एकशे छप्पन्न वर्षं.

‘आमचा धर्म बघू नका, आमचं काम बघा’ किंवा ‘आम्ही तुमच्यासारखेच होतो की’ असं म्हणून दार उघडत नाही, हा यातला धडा. तुम्ही एक निकष पूर्ण केलात की दाराशी बसलेला माणूस दुसरा काढतो. म्हणून भांडण निकषात बसण्याचं नाही, निकष लावण्याच्या अधिकाराचं असतं.

कल्पनेतला मुसलमान आणि तुरुंगातला मुसलमान

आता जेफरसनची चांगली बाजूही सांगायला हवी. नाहीतर मीही अर्ध्यावर थांबणाऱ्या गाइडसारखी होईन. त्यांनी मसुदा केलेला व्हर्जिनियाचा धर्मस्वातंत्र्याचा कायदा १७८६ मध्ये मंजूर झाला. कोणालाही सक्तीने चर्चला जावं लागणार नाही, चर्चला पैसे द्यावे लागणार नाहीत आणि श्रद्धेवरून नागरी हक्क कमी होणार नाहीत. त्यात येशू ख्रिस्ताचं नाव घालण्याची सूचना आली होती, ती फेटाळली गेली. याचा अर्थ कायद्याचं संरक्षण ज्यू, ख्रिस्ती, मुसलमान, हिंदू आणि नास्तिक या सर्वांना होतं, असं जेफरसन यांनी पुढे आत्मचरित्रात नोंदवलं. त्या काळी ही लहान गोष्ट नव्हती.

दोन वर्षांनी, १७८८ च्या जुलैत, नॉर्थ कॅरोलायनाच्या हिल्सबरो इथे नव्या संविधानावर चर्चा झाली. सरकारी पदासाठी धर्माची अट असणार नाही, असं त्या संविधानात होतं. हेन्री ॲबट नावाच्या प्रतिनिधींनी लोकांची भीती मांडली: मग उद्या मूर्तिपूजक आणि मुसलमानही पदावर येतील! जेम्स आयर्डेल यांनी उत्तर दिलं. कोणाला वगळायला लागलात तर ज्या धर्मस्वातंत्र्यासाठी आपण झगडतो आहोत त्याचंच मूळ उखडेल, असा त्यांचा युक्तिवाद होता. आपला संदेश फिरवणाऱ्यांना हा प्रसंग मिळाला तर ते तोही आनंदाने फिरवतील.

पण त्या सभागृहात ज्या मुसलमानाची चर्चा चालली होती तो कल्पनेतला होता, कधीतरी येऊ शकणारा, बहुधा न येणारा. त्याच देशाच्या तंबाखूच्या आणि भाताच्या मळ्यांवर खरे मुसलमान राबत होते, आणि त्यांचा विचार वक्त्यांच्या मनाला शिवलाही नाही. कारण ते ‘मुसलमान’ नव्हते, ते ‘माल’ होते.

त्याच नॉर्थ कॅरोलायनाच्या फेएटविल गावात, या चर्चेनंतर बावीस वर्षांनी, १८१० मध्ये एक पळालेला गुलाम तुरुंगात पडला. नाव उमर इब्न सईद. सेनेगल नदीकाठच्या फुता तोरोचा, वर्षानुवर्षं दीन शिकलेला आलिम. १८०७ मध्ये त्याला चार्ल्स्टनला आणून विकलं होतं. तुरुंगाच्या भिंतींवर त्याने कोळशाने अरबी अक्षरं लिहिली, असं सांगितलं जातं. १८३१ मध्ये त्याने अरबीत आपली जीवनकथा लिहिली. सुरुवात केली ती सूरह अल-मुल्कने, जिथे सारी सत्ता अल्लाहच्या हाती असल्याचं सांगितलं आहे. मालकाच्या घरात बसून त्याने मालकी कोणाची हा विषय निवडला. ती हस्तलिखित पानं आज अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये आहेत आणि कोणीही घरबसल्या पाहू शकतं. तो १८६० च्या दशकात वारला. वारला तेव्हाही तो गुलामच होता.

कल्पनेतल्या मुसलमानाला राष्ट्राध्यक्षपदाचा हक्क आणि खऱ्या मुसलमानाला बेडी, हे दोन्ही एकाच वेळी, एकाच देशात, कधी कधी एकाच माणसाच्या हातून घडू शकतं. हे ज्याला समजलं त्याला उदारमताच्या भाषणांनी भुलवता येत नाही. आणि त्या भाषणातलं खरं तत्त्व तो फेकूनही देत नाही.

आपल्याला शहजादेच का आठवतात?

उमरची माहिती असलेले काही तरुण भेटतात. ते त्याला ‘प्रिन्स’ म्हणतात. तिथले गोरेही त्याला तसंच म्हणायचे. नॅचेझच्या मळ्यावर चाळीस वर्षं राबलेला फुता जालोनचा अब्दुल रहमान इब्राहिमा, तोही शहजादा म्हणूनच लक्षात ठेवला जातो. तो १८२८ मध्ये सुटला आणि पुढच्याच वर्षी आफ्रिकेच्या किनाऱ्यावर, लायबेरियात वारला. तो सुटला याचं एक कारण असं की त्याचं अरबी पत्र पाहून तो मोरोक्कोचा असावा असा समज झाला आणि प्रकरण थेट मोरोक्कोच्या सुलतानापर्यंत पोहोचलं.

अय्यूब सुलेमान दियालो याची गोष्ट तर आपण निम्मीच सांगतो. १७३१ मध्ये तो मेरीलँडला विकला गेला. अरबीत वडिलांना पत्र लिहिलं, ते इंग्लंडमधल्या मोठ्या माणसांच्या हाती पडलं, त्याला लंडनला नेलं. तिथे त्याने आठवणीतून कुराण लिहून काढलं आणि १७३४ मध्ये तो घरी परतला. किती सुंदर! पण तो पकडला गेला तेव्हा कुठून येत होता? गांबिया नदीवर दोन माणसं विकायला गेला होता, तिथून परतत होता. हे वाक्य आपल्या भाषणांमधून गळतं. जॉर्जियाच्या सापेलो बेटावरचा बिलाली मुहम्मद, ज्याने वुजू आणि नमाजचे मसले अरबीत लिहून ठेवले, तो त्या मळ्यावर इतर गुलामांचा मुकादम होता. हेही गळतं.

मी त्यांचा अपमान करत नाही. ज्या यातनेत त्यांनी अक्षर आणि दीन सांभाळला ती कल्पनेपलीकडची आहे. माझा प्रश्न आपल्याला आहे. बागवान, तांबोळी, पिंजारी, अत्तार, मोमीन यांच्या घरातली पोरं आपण. आपल्याच समाजात ‘आमचे पूर्वज अरबस्तानातून आले’ म्हणणाऱ्यांनी आपल्या आजोबांना कुठे बसवलं हे आपल्याला माहीत आहे. तरी अमेरिकेच्या मळ्यावर नजर टाकली की आपल्याला फक्त शहजादा, आलिम आणि हाफिज दिसतो. त्याच्या शेजारी वाकून काम करणारी, अक्षरओळख नसलेली बाई दिसत नाही. ती मुसलमान होती की नव्हती, याच्याशी तिच्या बेडीचा काय संबंध?

१७९० च्या जानेवारीत साउथ कॅरोलायनाच्या विधिमंडळापुढे एक अर्ज आला. मोरोक्कोच्या बादशहाची प्रजा असलेले चार स्वतंत्र ‘मूर’ पुरुष आणि त्यांच्या बायका, त्यातल्या एकीचं नाव फातिमा. त्यांचं म्हणणं असं की काळ्यांसाठी जो वेगळा, कठोर कायदा आहे तो आम्हाला लावू नका. सभागृहाने ते मान्य केलं. त्या चार कुटुंबांना दोष देणारी मी कोण? जीव वाचवायचा होता. पण वाचकाने हे बघावं की अर्जामुळे तो कायदा जागचा हलला नाही. चार घरं त्याच्या तावडीतून सुटली आणि बाकीची लाखभर माणसं तिथेच राहिली. ‘आम्ही त्यांच्यातले नाही’ हा अर्ज मंजूर झाला तरी त्याने कायदा बदलत नाही. आजही आपल्यातले कितीतरी सुशिक्षित, सुखवस्तू लोक आयुष्यभर हाच अर्ज लिहीत बसतात.

“सगळं ढोंगच आहे”

गर्वाच्या उलट्या टोकाला दुसरा एक गट आहे, आणि तो अलीकडे कॉलेजात जास्त भेटतो. त्यांचं म्हणणं, गुलाम बाळगणाऱ्यांनी समतेवर लिहिलं, मूळ रहिवाशांना त्याच जाहीरनाम्यात निर्दय रानटी ठरवलं, मग त्यात शिकायचं काय? संविधान म्हणजे ताकदवानांचा कागद.

हे ऐकायला धाडसी वाटतं, पण यात एक मोठा अन्याय आहे. ज्यांना वगळलं त्यांनी त्या कागदाचं काय केलं, हे यात पुसलं जातं.

१७७७ च्या जानेवारीत, जाहीरनाम्याला सहा महिने होताच, बोस्टन परिसरातल्या काळ्या माणसांनी मॅसॅच्युसेट्सच्या विधिमंडळाकडे अर्ज केला. प्रिन्स हॉल हे त्यातले एक. तुम्ही इंग्लंडविरुद्ध जे कारण पुढे करता तेच आमचं तुमच्याविरुद्ध आहे, असा त्याचा आशय. तो अर्ज लगेच फळला नाही. १७८० मध्ये मॅसॅच्युसेट्सचं संविधान झालं आणि त्यात सर्व माणसं जन्मतः स्वतंत्र आणि समान असल्याचं लिहिलं गेलं. एलिझाबेथ फ्रीमन नावाच्या, लिहिता-वाचता न येणाऱ्या गुलाम बाईने ही गोष्ट ऐकली आणि वकील गाठला. सर्व माणसं समान, तर मी त्यात नाही का? १७८१ मध्ये ग्रेट बॅरिंग्टनच्या न्यायालयात ज्युरीने तिच्या बाजूने कौल दिला. मालकाला दंड झाला तीस शिलिंग. क्वॉक वॉकर याच्या खटल्यांनी १७८३ पर्यंत त्या राज्यात गुलामगिरीचा पायाच ढासळला. १७९० च्या जनगणनेत मॅसॅच्युसेट्सच्या रकान्यात एकही गुलाम नोंदलेला नाही.

बेलिंडा नावाच्या म्हाताऱ्या बाईने १७८३ मध्ये अर्ज केला. पन्नास वर्षं ज्याच्या घरी राबले त्या आयझॅक रॉयलच्या मिळकतीतून माझ्या पोटाला द्या. तिला वर्षाला पंधरा पौंड बारा शिलिंग मंजूर झाले. पैसे थकले तेव्हा तिने पुन्हा अर्ज केला. त्याच रॉयलच्या संपत्तीतून हार्वर्डमध्ये कायद्याचं पहिलं प्राध्यापकपद निघालं. कायदा शिकवायला जो पैसा गेला तो कोणाच्या घामाचा होता, हे आपल्याला त्या बाईच्या अर्जामुळे कळतं.

आणि १७९१ च्या ऑगस्टमध्ये मेरीलँडचे स्वतंत्र काळे गणिती बेंजामिन बॅनेकर यांनी आपल्या पंचांगाच्या हस्तलिखितासोबत जेफरसन यांनाच पत्र लिहिलं. तुमच्याच लेखणीतून उतरलेला जाहीरनामा तुम्ही स्वतः मोडत आहात, हे त्यांनी त्यांना तोंडावर सांगितलं. जेफरसन यांनी सभ्य उत्तर पाठवलं, गुलाम मात्र सोडले नाहीत.

हा कागद ताकदवानांचा होता हे खरं. पण तो उंच आवाजात सर्वांसमोर वाचला गेला, आणि बाहेर उभ्या असलेल्यांनी तो ऐकला. ‘ढोंग’ म्हणून कागद फेकणाऱ्याने एलिझाबेथ फ्रीमनच्या हातातलं एकमेव हत्यारही फेकलं.

फुल्यांनी तो इतिहास कसा वाचला

आपल्याच मातीतलं एक उदाहरण आहे. १८७३ मध्ये जोतीराव फुले यांनी ‘गुलामगिरी’ लिहिलं आणि ते अमेरिकेतल्या त्या सदाचारी लोकांना अर्पण केलं, ज्यांनी काळ्यांना गुलामीतून सोडवण्यासाठी स्वार्थ बाजूला ठेवला. पुण्यात बसलेल्या या माणसाचं त्या इतिहासात कोणीही नव्हतं. ना जात, ना धर्म, ना पूर्वज. त्यांनी ते शोधलंही नाही. त्यांना तिथे एक व्यवस्था दिसली, तिचं नाव त्यांनी उचललं आणि इथल्या व्यवस्थेवर ठेवलं. आपल्या शूद्रातिशूद्र बांधवांची स्थिती त्यांना परक्या आरशात दिसली. दीडशे वर्षांनंतर आपल्या हातात सगळी कागदपत्रं आहेत आणि आपण अजून जेफरसनच्या कपाटाशी घुटमळतो.

मग करायचं काय? पदवीला इतिहास असेल आणि अमेरिकेचा पेपर निवडायची सोय असेल तर तो निवडा. “इतिहास घेऊन काय पोट भरतं?” असं घरी विचारतील. त्यांना सांगा, वकिली, पत्रकारिता, प्रशासन, शिक्षण या प्रत्येक कामात कागद वाचता येणारा माणूस लागतो, आणि आपल्या मोहल्ल्यात नेमका तोच कमी आहे. पेपर नसेल तर पाच जण जमा व्हा. महिन्याला एक मूळ कागद घ्या: १६६७ चा कायदा, १७७७ चा अर्ज, बॅनेकर यांचं पत्र, उमरची पानं. बहुतेक सगळं अमेरिकेच्या सरकारी ग्रंथालयांच्या आणि अभिलेखागारांच्या संकेतस्थळांवर फुकट आहे. इंग्रजी जुनं आहे, अडेल. अडू द्या. एक पान चार बैठकांत वाचा, मराठीत सांगा, अम्मीला आणि शेजारच्या काकांना समजेल असं सांगा. आणि प्रत्येक कागदाला तीन प्रश्न विचारा. यात कोणाला मोजलं? कोणाला वगळलं, कोणत्या शब्दाआडून? आणि वगळलेल्याने यातलं कोणतं वाक्य उचललं?

हे तीन प्रश्न अंगवळणी पडले की आपलं संविधान हातात घ्या. कलम १४, १५, १६, २५ वाचा. मग तुम्ही ते शपथेसारखं नुसतं म्हणणार नाही आणि ‘कागद आहे नुसता’ असं म्हणून सोडणारही नाही. तुम्ही ते एलिझाबेथ फ्रीमनसारखं वाचाल. लिहिलं आहे ना ‘सर्व’? मग त्यात मी आहे. आणि माझ्याआधी जी अजून बाहेर उभी आहे, तीही आहे.